सोडलेला कोपरा

“तेवढं राहू द्या, पाळकसाहेब. त्याले इळा लावू नका.”

पाळक प्रज्वल आढाव यांचा विळा सोयाबीनच्या बुडाशी जाऊन थांबला. मंडळीतल्या माणसाला हातभार म्हणून ते सकाळपासून सोंगणीला आले होते. त्यांच्या हातभारानं शांतवन खंडारेचं काम चांगलंच लांबलं होतं. पण पाळकाला घरी जा म्हणायची त्या घराची पद्धत नव्हती. आता वावर संपत आलं होतं. तुरीच्या ओळी तेवढ्या हिरव्या उभ्या होत्या, आणि पूर्वेच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून, अंगणासकट एक घर बसेल एवढा सोयाबीनचा कोपरा.

“का हो काका? दाणा चांगला भरलाय की.”

“भरला हाय, म्हनून त राहू द्या म्हनतो.”

“शेजाऱ्याचा आहे का?”

“नाही. वावर माहंच हाय. कोना माहा नाही.”

पाळकांनी कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. ते नगरकडचे. पुण्याला धर्मशास्त्र शिकले होते, गिटार बरी वाजवत, आणि अनसिंगच्या पुढच्या या गावात दहा-बारा घरांच्या मंडळीवर त्यांची नेमणूक होऊन वर्षही झालं नव्हतं. माणूस मनापासून चांगला होता. मंडळीची तेवढीच एक अडचण होती.

कोपऱ्याची गोष्ट शांतवनच्या बापापासूनची. लाजरस खंडारे हा त्याच्या सगळ्या पिढ्यांतला जमीन नावावर असलेला पहिला माणूस. मोशेच्या नियमांत त्यानं वाचलं, की शेत कापताना कोपऱ्यापर्यंत कापू नये, खाली पडलेलं वेचायला मागं फिरू नये. ते गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी असतं. हे मंडळीतल्या बाकीच्यांनीही वाचलं होतं, पण ते तिकडच्या लोकांसाठी आहे हे त्यांना कळत होतं. लाजरसला ते कुणी सांगितलं नाही. जमीन मिळाली की तिच्याबरोबर सातबारा येतो, सारा येतो, तसाच हा कोपराही येत असावा, असं तो समजला आणि तसंच मुलाला शिकवून मेला. खाली पडलेला सरवा वेचायला गरीब बाया कुणाच्याही वावरात जातात, त्यात नवल नाही. पण उभं पीक सोडणं म्हणजे डोक्यावर परिणाम. गाव त्याला ‘खंडाऱ्याचा येडा कोना’ म्हणत असे.

“काका, आपण आता नियमाखाली नाही,” पाळक म्हणाले. “कृपेखाली आहोत.”

“ते बराबर हाय.”

“बघा, त्याच ठिकाणी असंही सांगितलंय, की एका शेतात दोन जातींचं बी पेरू नका. तुमच्या सोयाबीनमध्ये तूर आहे.”

शांतवननं तुरीकडं असं पाहिलं, जणू ती आत्ताच कुणी आणून लावली. “ते कृषी सहायकानं सांगतलं होतं.”

“आणि दोन धाग्यांचं कापड घालू नका, असंही आहे. हा तुमचा शर्ट टेरिकॉटचा.”

“हा जावयानं घेतला.”

वाद पाळकसाहेब जिंकले. कोपरा उभाच राहिला.

“सोडू नका असं मी म्हणत नाही,” पाळक मवाळपणे म्हणाले. जिंकलेल्या माणसाला ते परवडतं. “प्रेमानं सोडा, एवढंच. प्रेमाशिवाय नियम म्हणजे नुसतं ओझं. कुणासाठी सोडता तुम्ही?”

“जो येईन त्याच्यासाठी.”

“येतं कोण?”

शांतवननं अंगठ्यानं विळ्याची धार पाहिली. ती त्याला माहीत होती. पण उत्तर देण्याआधी काहीतरी पाहावं लागतं.

“रंगूबाई येते,” तो म्हणाला. “जानरावची.”

जानरावचं वावर पूर्वेला लागून. दोन वावरांमधला धुरा जानराव दर पेरणीला एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक ओळ, खात आला. तो काही वाईट माणूस नव्हता. औत वळवताना बैल जरा इकडं येत, आणि पुढच्या वर्षी त्यांना तीच सवय लागलेली असे. शांतवननं दोनदा मोजणी आणली. मोजणीवाल्यांनी दगड रोवले. दगडांनाही बैलांची सवय लागली. गावात जानरावच्या शब्दाला वजन होतं. त्याच घराच्या ओट्याखाली लाजरसनं एके काळी ओंजळीत वरून पाणी ओतून घेतलेलं होतं, आणि त्याच्या पोरानं जमिनीच्या हद्दीवर बोलावं हे बऱ्याच जणांना जरा लवकर झालं असं वाटे. एकदा दोघे धुऱ्यावर एकमेकांच्या गळपटीला धरून उभे राहिले. त्यानंतर दोन घरांत बोलणं नव्हतं.

मग जानराव मेला. त्याच्या पोरानं, ऋषिकेशनं, वावर तांड्यावरच्या हेमसिंगला विकलं आणि तो चाकणला गेला. खोली मोठी मिळाली की आईला नेणार होता. खोली अजून मिळत होती. हेमसिंगनं जमीन घेतली ती खाल्लेल्या तासांसकट. आणि तो इतका सभ्य माणूस, की विषय निघाला की हात जोडून म्हणतो, भाऊ, मी त कागदावर होतं तेवढं घेतलं. म्हणजे शांतवनचे तास आता अशा माणसाकडं होते ज्याच्याशी भांडताही येत नव्हतं.

त्याच हंगामात, एका सकाळी, रंगूबाई विळा आणि पोतं घेऊन त्याच्या कोपऱ्यात वाकलेली दिसली.

“बोलवा पोलीस पाटलाले,” त्याची बायको बेबीताई तेव्हा म्हणाली होती. “धुरा खाऊन पोट नाही भरलं, आता कोना खाले आली.”

शांतवननं पोलीस पाटलाला बोलावलं नाही. घरी जाऊन त्यानं शास्त्र काढलं आणि तो नियम पुन्हा वाचला. एखादा वकील अपवाद शोधतो तशा नजरेनं वाचला. गरीब, असं लिहिलं होतं. उपरी, असं लिहिलं होतं. धुरा खाणाऱ्याची बायको सोडून, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. पुढची-मागची पानंही त्यानं पाहून घेतली. मग पुस्तक मिटलं आणि त्या दिवसापासून, कोपऱ्यात ती असेपर्यंत, तो नाल्याच्या रस्त्यानं लांबून वावरात जाऊ लागला.

पूर्वी तांड्यावरची मोतीबाई आणि तिच्या सोबतिणीही यायच्या. पण त्या आता दसरा झाला की ऊस तोडायला जात. रंगूबाईला मजुरीवर कुणी बोलावत नसे, कंबर वाकलेली. रेशनचे तांदूळ-गहू मिळत. तेल-मीठ, बीपीच्या गोळ्या आणि चहा-साखर त्या कोपऱ्यातून यायची. ती यायची, सोंगायची, बडवायची, न्यायची. कधी वर पाहिलं नाही, कधी एक शब्द नाही. शांतवनला ती आवडत नव्हती, तिला शांतवन. व्यवस्था उत्तम चालली होती.

हे सगळं शांतवननं पाळकांना सांगितलं नाही. धुऱ्याचं जेवढं विचारलं तेवढं सांगितलं. पाळकांचे डोळे भरून आले.

“काका, वैऱ्यासाठी कोपरा! ही तर साक्ष आहे. रविवारी सांगाल मंडळीपुढं?”

“कायची साक्ष? कोना हाय तो.”

“म्हणजे तुम्ही त्यांना मनातून माफ केलंय.”

“नाही बा.”

पण पाळकांना तो विनय वाटला.

दोन दिवसांनी बेबीताई पाण्याहून परतली ती कळशी न उतरवताच बोलू लागली.

“ऐकलं काय? पाळकसाहेब तरुण संघाचे पोट्टे घेऊन गेलते रंगूबाईकडं. दाय, तेल, साखर, साबन, अशी मोठी थैली. तिच्या हातात थैली देऊन फोटो काढला. मोबाइलवर आला हाय मंडळीच्या.”

“बरं केलं. थैली देली त.”

“अन् पाळकसाहेबानं तिले सांगतलं, शांतवनकाकानं तुमाले माफ केलं म्हने.”

शांतवन चपलेचा अंगठा शिवत होता. दाभण थांबलं. “मी कवा केलं?”

“मंडळीच्या वतीनं केलं म्हने.”

“मंग रंगूबाई काय म्हने?”

“काही नाही म्हने. अख्खा मोहल्ला दारात. शेजारची निकिता सांगे, बुढीचं तोंड असं झालं का जसं कोनी थोबाडात हानली. संध्याकाळी थैली डोक्यावर घेऊन आली, अन् चर्चच्या पायरीवर ठेवून गेली. साबनसुद्धा नाही फोडली.”

दुसऱ्या दिवशी रंगूबाई कोपऱ्यात आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. दरवर्षी बाकीचं वावर रिकामं झालं की ती यायचीच. शांतवन नेहमीसारखा नाल्याच्या रस्त्यानं जाऊन पाहून आला आणि मग सरळ रस्त्यानं जाऊनही पाहून आला. आता रस्ता बदलायचं कारण उरलं नव्हतं. ऊन कडक होतं. दुपारच्या वेळी वाळलेल्या शेंगा आपोआप फुटत, टचकन आवाज होई आणि दाणे भेगांत उडत. सोयाबीन कुणाची वाट पाहत नाही.

“सोंगून टाका आता,” बेबीताई म्हणाली. “तिलेच नसन पायजे त आपन काय करावं?”

“सोडला का सोडला.”

“मंग उंदीर खातीन.”

“उंदराचं कुठं लेहेलं नाही.”

“त तिच्या घरी जा अन् म्हना, ये बाई, सोंग.”

“म्हटल्यावर येईन काय ते? म्हनन, पाह्य, माफ केलं न् आता खाले बोलावते.” त्यानं डोकं हलवलं. “आपला सोताचा हाय म्हनून येत होती ते. आता आपन देऊन राह्यलो असं झालं.”

“आपलाच त हाय कोना.”

“तुलेबी नाही समजत अन् पाळकालेबी नाही.”

बेबीताईला समजत होतं. पण एवढ्या वर्षांत ते तिनं नवऱ्याला कळू दिलेलं नव्हतं. “चहासाखर संपली असन तिची,” ती चुलीकडं तोंड करून म्हणाली. “बीपीच्या गोयाबी.”

गुरुवारी शांतवन ज्वारीचा डबा घेऊन दौलतसिंगच्या गिरणीवर गेला. हे काम एरवी बेबीताईचं. गिरणीवर सहा-सात बाया बसलेल्या, पट्टा फटफटत होता, आणि पिठानं पांढरा झालेला दौलतसिंग कोणता डबा कुणाचा हे ओरडून विचारत होता. रंगूबाई भिंतीशी गव्हाची लहानशी पिशवी घेऊन बसली होती. शांतवनला पाहून तिनं पदर पुढं ओढला.

“दौलतसिंग,” शांतवन पट्ट्याच्या वरताण आवाजात म्हणाला, “त्या बाईचं आधी दळ. त्याइले दुसऱ्याच्या हद्दीत आधी घुसाची सवय हाय.”

दौलतसिंगनं गिरणी बंद केली. रांगेतलं दळण खोळंबणार होतं, पण काही गोष्टी नीट ऐकू यायला हव्या.

“कोनाले बोलून राह्यला तू?” रंगूबाई बसल्या जागेवरून म्हणाली.

“तुलेच. धुरा कोनाच्या नवऱ्यानं खाल्ला? माह्या काय?”

“मेल्या मानसाचं नाव घेतं? जीभ झडन तुही!”

“जित्ता होता तवाबी हेच म्हनत होतो. तवा कोनी आयकत नव्हतं.”

“शांतवनभाऊ, जाऊ द्या न,” एक बाई म्हणाली. बाकीच्या बायांनी तिच्याकडं नापसंतीनं पाहिलं.

रंगूबाई भिंतीला धरून उभी राहिली. “मोठा आला धुऱ्यावाला! माफ केलं म्हने तुनं आमाले. तुहे पोट्टे आलते माह्या दारात फोटो काढाले. साऱ्या गावात हसू केलं माहं. जानरावची बायको काय भीक मांगाले बसली व्हती?”

“कोनं माफ केलं? मी?” शांतवनचा आवाज आता खरोखरच चढला. “मी काहून माफ करू? माहे तास आले काय वापस? तिकडं हेमसिंग पेरून राह्यला माह्या तासात!”

“पाळक म्हने...”

“पाळकाले धुरा कोन्या दिशेनं हाय हे तरी मालूम हाय काय? तो नगरचा! आयक, रंगूबाई. मी माफ केलं नाही, करत नाही, अन् करनार नाही. साऱ्याइच्या देखत सांगतो.”

रंगूबाई त्याच्याकडं पाहत राहिली. बऱ्याच वर्षांत तिनं त्याच्याकडं सरळ पाहिलं नव्हतं. वाकलेली कंबर जेवढी सरळ होऊ शकते तेवढी झाली.

“नको करू!” ती कडाडली. “मांगते कोन तुही माफी? माह्या मानसानं खाल्ला त खाल्ला. दम होता त्याच्यात म्हनून खाल्ला! तुह्यात कुवत होती त रोकाचं होतं!”

आणि पिशवी उचलून ती तरातरा पायऱ्या उतरली.

“बाई, दळन!” दौलतसिंग ओरडला.

ती मागं फिरली, पिशवी त्याच्या पुढ्यात आदळली आणि सगळ्यांच्या आधी दळून घेऊन गेली.

शुक्रवारी सकाळी शांतवन वावराकडं निघाला. वळणावरून त्याला कोपरा दिसला, आणि कोपऱ्यात पाठमोरं लुगडं. विळ्याचा खस्स खस्स आवाज येत होता. अर्धवट फुटलेल्या शेंगा सांडू नयेत म्हणून तिनं खाली धोतराचं जुनं पान अंथरलं होतं. तो उभ्या उभ्या मागं फिरला आणि नाल्याच्या रस्त्यानं गेला.

“मुद्दाम केलं काय तुमी ते?” जेवताना बेबीताईनं विचारलं.

“काय मुद्दाम? धुरा खाल्ला नाही काय त्यानं?”

“खाल्ला.”

“मंग.”

शनिवारी संध्याकाळी पाळक आले. खाटेच्या कडेवर बसले, चहा घेतला नाही. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

“गिरणीवर, काका. लोकांसमोर. एका विधवा बाईला.”

“हो.”

“मी तिला सांगितलं होतं, की तुम्ही माफ केलंय. मला खोटं पाडलंत, त्याचं काही नाही. पण तुम्ही मंडळीचे वडील आहात. प्रभुभोजनाचं ताट तुमच्या हातानं फिरतं. वेदीपाशी येण्याआधी ज्याच्याशी वाकडं आहे त्याच्याकडं जाऊन समेट कर, हे मोशेचं नाही. हे प्रभूचं आहे. यात तर वाद नाही ना?”

“नाही. ते बराबर हाय.”

“उद्या प्रभुभोजन आहे. आज जा. दोनच शब्द बोला त्यांच्याशी. मी येतो सोबत.”

“तुमी नका येऊ.”

“मग एकटे जा.”

शांतवननं मनात हिशेब केला. कोपरा निम्मा झाला होता. पाठ दुखते म्हणून रंगूबाई दुपारी थांबायची. बाकीचा झाला असता अजून दोन-तीन सकाळींत. आज हात जोडून तो तिच्या दारात उभा राहिला, तर उद्या ती विळा खुंटीला लावणार. पाळकांना हे समजावून सांगता आलं असतं. पण समजलं असतं तर ते हेलावले असते, आणि हेलावल्यावर ते काय करतात हे गावानं नुकतंच पाहिलं होतं.

“जाईन,” तो म्हणाला. “पन आज नाही. कोना सोंगून झाला का जातो.”

“कोपऱ्याचा काय संबंध? आज का नाही?”

“अजून राग हाय.”

हे खोटं नव्हतं. खोटं बोलायलाही नियमात मनाई होती, आणि तो नियम शर्टाच्या कापडासारखा जावयावर ढकलता येत नव्हता. राग होताच. वर्षानुवर्षं नीट सांभाळलेला, चांगल्या स्थितीतला राग होता.

पाळक खाटेवरून उठले. “मग उद्या ताट तुमच्या हाती देता येणार नाही, काका. आणि तुम्ही घेऊही नये. हे मला करावं लागतंय.” ते त्यांचं काम करत होते, आणि त्यांना ते जड जात होतं.

“करा लागते,” शांतवन म्हणाला. दारापर्यंत जाऊन त्यानं त्यांच्या मोटारसायकलवर बॅटरीचा उजेड धरला.

पाळक गेल्यावर बेबीताई म्हणाली, “सांगाचं होतं त्याइले.”

“काय?”

तिनं मनुका निवडायला घेतल्या. प्रभुभोजनाचा रस दर महिन्याला तीच उकळायची.

रविवारी पत्र्याखालचा हॉल भरला होता. गिरणीची बातमी सगळ्यांना माहीत होती, त्यामुळं शांतवनकडं कुणी पाहत नव्हतं. त्याचा बाप ज्या जागी उभा राहून ताट घ्यायचा, जिथं बापामागं तो स्वतः उभा राहिला, तिथं आज तरुण संघातला सतीश उभा होता, नवी इस्त्री केलेल्या शर्टात, अवघडून. शांतवन पुरुषांच्या सतरंजीच्या शेवटी, भिंतीला टेकून बसला. पाळकांनी पाव मोडला. गाणं सुरू झालं. गिटारची एक तार जरा उतरलेली होती.

ताट हातोहात मागं येत राहिलं. प्रत्येक जण एक तुकडा उचलून पुढं देत होता. शेजारच्या माणसानं ते शांतवनकडं दिलं आणि चटकन छताकडं पाहिलं. पुरुषांच्या ओळीतून बायकांच्या ओळीत ते त्याच्याच हातून जायचं होतं. सतरंज्यांमधल्या मोकळ्या जागेवरून वाकून त्यानं ते बेबीताईपुढं धरलं.

तिचा हात ताटावर येऊन थांबला.

“घे,” तो हळू म्हणाला.

“अन् तुमी?”

“तुहं कोनाशी भांडन हाय काय?”

तिनं तुकडा घेतला. ताटाच्या काठावर पावाचा एक बारीक कण अडकला होता. तो शांतवननं बोटाच्या टोकानं आत सारला, आणि ताट पुढच्या बाईच्या हाती दिलं.